हाताने टाकलेला आकडा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी त्याला सगळं सांगते अशी त्याची समजूत आहे, आणि ती मी आजवर मोडू दिलेली नाही. आईला सांगितलं नाही. अण्णांना तर नाहीच नाही. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला सांगून टाकावं असं फार मनात आलं होतं — म्हटलं, ही कोण, मी कोण, पुन्हा भेट होणार नाही. मी घसा खाकरला तेवढ्यात तिचा स्टॉप आला आणि ती पिशवी उचलून उतरून गेली. आज तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका.

गोष्ट एका आकड्याची आहे. सतरा. तुम्ही म्हणाल, एका आकड्याने काय होतं? मीही स्वतःला बरेच दिवस तेच विचारत होते, आणि उत्तर माहीत असताना विचारत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळची वाईची. सांगलीला मावशीकडे राहून वकिलीचं शिकले आणि विश्रामबागेत अण्णांच्या ऑफिसात लागले. अण्णा वकील, पण काळा कोट घालून उभे राहिलेले मी त्यांना फारसे पाहिले नाहीत. त्यांचं काम नियम लिहून देण्याचं. सातारा-सांगलीकडच्या नगरपालिका, पाणीपुरवठ्याच्या संस्था, बाजार समित्या — कुणाला उपविधी हवे असले, पोटनियम बदलायचे असले की माणसं कागदांची पिशवी घेऊन अण्णांकडे यायची. कराडहून यायची, जतहून यायची. चहा व्हायचा, तक्रारी व्हायच्या, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा कायदा तयार होऊन त्यांच्या हाती पडायचा.

नियम लिहिण्यातली डोकेदुखी शब्दांची नसते. ती असते एका नियमाने दुसऱ्या नियमाकडे बोट दाखवण्याची. 'नियम बाराप्रमाणे अर्ज केल्यावर', 'नियम वीस लागू होत नसेल तेव्हा' — पानोपानी अशी बोटं. आणि मध्येच कुणाला तरी एक नवा नियम आठवतो. तो घातला की पुढचे सगळे नियम एकेका घराने सरकतात. पंगतीत मध्येच एक पाहुणा येऊन बसला की पुढची सगळी पानं सरकतात, तसंच. बोटं मात्र जुन्या जागेकडेच वळलेली राहतात. मग ती एकेक करून हुडकायची आणि वळवायची.

हे काम धोंडीरामकाकांचं. काका आमचे कारकून, पन्नाशी ओलांडलेले, कराडजवळच्या एका खेड्यातले. दोघे धाकटे भाऊ मिलिटरीत, आणि ह्यांना भरतीत तळपाय सपाट म्हणून परत पाठवलेलं. त्याची खंत ते हसत हसत सांगायचे. सांगलीत एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी गावाला जायचे. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर बायका जमायच्या, कारण गावात आलेलं प्रत्येक सरकारी पत्र, मिलिटरीचा प्रत्येक कागद काका वाचून दाखवायचे आणि फॉर्म भरून द्यायचे. "आमच्या गावात म्या वाचल्याबिगर कागद खरा धरत न्हाईत," असं ते एकदा मला म्हणाले होते. त्यात बढाई नव्हती. हवापाणी सांगावं तसं सांगितलं होतं.

काकांची एक लांबट वही असायची. डाव्या बाजूला नियम, उजव्या बाजूला त्याच्याकडे कुठून कुठून बोट येतं ते. सगळं पेन्सिलीने, कारण सगळं पुसावं लागणार हे ठरलेलं. आणि मसुदा पुरा झाला की रुजवात. रुजवात म्हणजे दोन प्रती घेऊन समोरासमोर बसायचं — एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने आपल्या प्रतीवर बोट ठेवून चालायचं. नियमाचा आकडा आला की काका म्हणायचे, "थांबा." पानं उलटून तो नियम काढायचे, ओठ हलवत वाचायचे, बोट बरोबर जागी लागतंय अशी खात्री झाली की म्हणायचे, "चला." तीस पानांच्या मसुद्याला असा दीड दिवस. शेवटच्या पानावर 'रुजवात घेणार' असं छापलेलं असायचं आणि तिथे काकांची सही.

मला त्या 'थांबा'चा वैताग यायचा. खरं सांगते. मी तरुण होते, हुशार होते, आणि हुशार आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं.

कॉम्प्युटर मीच आणायला लावला. कराडला इंजिनिअरिंग शिकलेल्या दोघांनी खास नियमांच्या मसुद्यांसाठी एक सॉफ्टवेअर केलं होतं, मराठीतलं. त्यात नियमाचा आकडा टाइप करायचाच नाही. एक बटण दाबायचं, सगळ्या नियमांची यादी पडद्यावर येते, त्यातून हवा तो नियम निवडायचा. मशीन तिथे एक खूण ठेवतं. पुढे नियम वर-खाली झाले तरी छापताना त्या खुणेच्या जागी आपोआप बरोबर आकडा येतो. काकांची अख्खी वही त्या एका बटणात! मी महिनाभर अण्णांच्या कानीकपाळी ओरडत राहिले. शेवटी अण्णा म्हणाले, "आण बाई, पण निस्तरायचं तू." मी म्हटलं, निस्तरायला काही उरणारच नाही.

सॉफ्टवेअरचा नियम एकच — आकडा हाताने टाकायचा नाही. हाताने टाकलेला आकडा मशीनच्या लेखी नुसताच आकडा. तो बोट नसतो, म्हणून तो सरकत नाही. हे मी काकांना सांगितलं, अण्णांना सांगितलं, शिकायला येणाऱ्या नगरपालिकांच्या कारकुनांना घोकून घोकून सांगितलं. मीच.

कळलं ना तुम्हाला, पुढे काय झालं ते? पण थांबा. चूक ही माझी कबुली नाही. चूक कुणाकडूनही होते. नुसती चूकच असती तर मी ती चहाच्या कपाबरोबर हसत सांगितली असती.

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचे भाजी मंडईचे उपविधी आमच्याकडे होते. त्यातला सतरावा नियम असा, की ओटा ज्याच्या नावावर आहे तो माणूस वारला की ओटा नगरपालिकेकडे परत जाईल. आणि एकतिसावा असा, की नियम सतरामधली तरतूद वारलेल्या माणसाच्या विधवेला लागू होणार नाही. म्हणजे नवरा गेला तरी बायकोचा ओटा शाबूत. हा एकतिसावा नियम मंडईतल्या बायकांनी मोर्चा नेऊन मिळवलेला होता.

तो टाइप करत होते ती दुपार मला लख्ख आठवते. चारला लाईट जाणार होती — तेव्हा रोजच जायची — आणि साडेतीन होऊन गेले होते. बटण दाबलं की यादी उघडायला मशीन मिनिट मिनिट घ्यायचं. मी दाबलं, वाट पाहिली, बोटांनी टेबल वाजवलं. मग बटण सोडून दिलं आणि सरळ सतरा टाइप केलं. म्हटलं, उद्या खूण घालू. हा 'उद्या' मी दुसऱ्या दिवशी विसरले.

आठवड्याने नगरपालिकेचा फोन आला — कचऱ्याच्या टोपल्यांचा एक नियम सुरुवातीला घाला. मी घातला. सतराचा अठरा झाला, एकतीसचा बत्तीस झाला, सगळी बोटं मशीनने वळवली. एक सोडून.

आणि रुजवातीला बसलो तेव्हा काकांनी पहिल्याच आकड्याला "थांबा" म्हटलं. मी म्हणाले, "काका, आकडे सोडा आता. आकडे मशीन बघतं. आपण शब्द बघू." ते म्हणाले, "ताई, शब्द कोण बी वाचतं. आकडाच तर बघायचा असतोय." मी हसले. ते हसणं कसं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्यांनी वही मिटली. रुजवात दोन तासांत झाली, आणि शेवटच्या पानावर त्यांनी सही केली.

पुढे छापखान्यातून मुद्रितं आली. ती आमच्या प्रतीशी ताडून बघायचं काम काकांचंच होतं, आणि ते त्यांनी त्यांच्या पद्धतीने केलं — प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीची बरोबरची खूण. आमच्या प्रतीत सतरा, मुद्रितात सतरा. खूण. त्यांचं काम चोख होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते लक्षात ठेवणारं माझ्याखेरीज कुणीच उरलं नाही.

उपविधी मंजूर झाले, छापले गेले, लागू झाले.

सात-आठ महिन्यांनी एक बाई ऑफिसात आल्या. अनसूयाबाई. हिरवा चुडा उतरलेले हात, कमरेला पिशवी, आणि हातात रुमालात गुंडाळलेलं ते उपविधींचं पुस्तक. मागच्या पानावर आमच्या ऑफिसचा पत्ता होता, तो कुणाकडून तरी वाचून घेऊन तीन एसट्या बदलून आलेल्या. नवरा पावसाळ्यात वारला होता. ओटा खाली करा म्हणून नोटीस आली होती. त्या बत्तिसावा नियम दाखवायला नगरपालिकेत गेल्या, तर तिथल्या साहेबांनी पुस्तक उघडून दाखवलं — बत्तीस म्हणतो, सतरा विधवांना लागू नाही. आणि सतरा आता काय होता? मंडईत जनावरं आणायला बंदी. म्हणजे विधवेला मंडईत म्हैस आणायची मोकळीक, ओट्याचा मात्र पत्ता नाही. कचेरीत सगळे पोट धरधरून हसले म्हणे.

"आवं वकीलबाई," त्या मला म्हणाल्या, "मला म्हस न्हाई आनायची. मला माजा ओटा पायजे."

अण्णांनी पुस्तक हातात घेतलं, बत्तीस वाचला, सतरा वाचला, आणि त्यांनाही हसू फुटलं. मग बाईंच्या तोंडाकडे बघून ते गप्प झाले. "मशीन चुकलं का गं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बघते. त्यांना कलेक्टर कचेरीत जायचं होतं. "संध्याकाळी फाईल काढून ठेव," म्हणाले आणि गेले.

मी आतल्या खोलीत मशीनसमोर बसले. सगळ्या खुणा दाखवणारं एक बटण होतं. खुणेचे आकडे चौकटीत उजळतात, हाताने टाकलेले तसेच राहतात. मी ते दाबलं. पडद्यावर सगळीकडे चौकटी. आणि बत्तीसमध्ये एकच आकडा, चौकटीशिवाय. मला ती चारच्या आतली दुपार आठवली, बोटांनी वाजवलेलं टेबलसुद्धा आठवलं.

बाहेर काका अनसूयाबाईंना पाणी देत होते. किती मुलं, कुठलं गाव, ओट्यावर काय विकता — त्यांची विचारपूस चालली होती. उठून दार उघडायचं आणि म्हणायचं, माझं चुकलं. चार पावलं होती. मी ती चार पावलं मोजलीही.

काय केलं मी? सतरा खोडला. बटण दाबलं. त्या दिवशी यादी उघडायला लागलेलं मिनिट मी अगदी शांतपणे थांबले — आता घाई कसली? अठरा निवडला, खूण घातली, आणि ते एक पान छापायला सोडलं. त्या प्रिंटरचा करकर आवाज साऱ्या ऑफिसात जायचा. काकांनी बाहेरून विचारलं, "ताई, नवीन काम आलं व्हय?"

मी म्हटलं, "हो."

तो माझा पहिला खोटा शब्द. पुढे फारसे लागलेच नाहीत. नवं पान मी फाईलमध्ये घातलं, जुनं काढून पर्समध्ये ठेवलं. सही शेवटच्या पानावर होती, ती तशीच राहिली. नवं पान जरा पांढरं दिसत होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीकडे आंघोळीचा बंब पेटवायची पाळी माझी होती. पान त्यात गेलं.

पण ते नंतरचं. त्याच दिवशी संध्याकाळी अण्णांनी फाईल उघडली. आमच्या प्रतीत अठरा. मुद्रितात सतरा, आणि त्यावर पेन्सिलीची खूण. अण्णांनी नुसती दोन्ही पानं काकांसमोर सरकवली. अनसूयाबाई तोवर शेवटची एसटी चुकेल म्हणून निघून गेल्या होत्या.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोट या पानावर, मग त्या पानावर. पुन्हा या पानावर. ओठ हलत होते. "खूण माझीच हाय," ते म्हणाले. पुन्हा एकदा दोन्ही पानांवरून बोट फिरवून, "मग म्या बघितलं काय?"

मी तिथेच होते. टेबलाच्या कडेला हात धरून उभी. तुम्ही म्हणाल, त्या क्षणी भीती वाटली असेल, काही सुचलं नसेल. तसं नव्हतं. मला सगळं सुचत होतं. अण्णांनी माझ्या शब्दावर मशीन घेतलं होतं. त्या मशीनमुळे मी ऑफिसातली शिकाऊ पोरगी राहिले नव्हते, दोन जिल्ह्यांतले कारकून मला मॅडम म्हणत होते. घरचे वाईला परत ये म्हणून मागे लागले होते. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, हिशेब पक्का होता, आणि म्हणून मी गप्प राहिले. ही कारणं आहेत. निमित्त म्हणून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत. म्हणाले, "ताई, माझ्यापायी तुमच्या मशीनला उगा बोल लागला आसता." आणि माझी माफी मागितली. हात जोडून.

अण्णांनी त्यांना बोल लावला नाही. फक्त रुजवातीचं आणि मुद्रितांचं काम काढून माझ्याकडे दिलं आणि काकांना टपालावर बसवलं. पाकिटं चिकटवायची, जावक वहीत नोंद करायची. एके दिवशी एका पाकिटावरचा पत्ता ते किती वेळा ताडून बघत होते, ते मी मोजलं. नऊ वेळा. तिसऱ्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. जाताना ती लांबट वही माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, तुम्हाला लागायची नाही म्हणा, पण असू द्या.

नगरपालिकेला अण्णांनी 'छपाईतील चूक' म्हणून पत्र दिलं. पण छापलेला आकडा म्हणजे कायदा, तो पत्राने बदलत नाही. ठराव, हरकती, मंजुरी — पुन्हा सगळ्या वाऱ्या. वर्षाच्या वर गेलं. दुरुस्ती लागू झाली तेव्हा अनसूयाबाईंच्या ओट्यावर दुसऱ्याचा तराजू होता, त्याच्या नावाची पाटी होती. त्या मंडईच्या फाटकाबाहेर पोतं अंथरून बसायच्या. मी त्या गावाला कामाला गेले की दुसऱ्या फाटकाने आत जायचे.

तुम्हाला वाटेल, मग तू तरी सोडायचं ते ऑफिस. कसं सोडणार? अण्णांनी हळूहळू सगळंच माझ्यावर टाकलं. कुठूनही कागद आला की, सुनंदाला दाखवा. 'रुजवात घेणार' खाली आता माझी सही. ती करावीच लागायची. मशीनवर माझा विश्वास असा उरला नव्हता. मी दार लावून काकांची वही काढायची, पेन्सिलीने दोन रकाने आखायची, एकेक आकड्याला मनात 'थांबा' म्हणायची, पानं उलटायची. बाहेर लोक म्हणायचे, मॅडमचं मशीन म्हणजे मशीन, एक आकडा इकडचा तिकडे होत नाही. आणि मी मान हलवायची.

आणि म्हैस! ती म्हैस काही माझा पिच्छा सोडत नव्हती. अण्णांना ती गोष्ट सांगायची फार हौस. नवा माणूस आला, चहा आला की, "आमच्या धोंडीरामानं विधवांना म्हशी वाटल्या होत्या बरं का." मग सगळी गोष्ट, आणि सगळे खो खो हसायचे. मी हसले नाही तर अण्णा माझ्याकडे बघायचे. म्हणून मीही हसायची. जतच्या कारकुनांपुढे हसले, कराडच्या कारकुनांपुढे हसले. किती वेळा हसले? एकदा तर शिकवण्याच्या वेळी अण्णा मागे बसले होते, ते म्हणाले, सुनंदा, ती म्हशीची गोष्ट सांग की यांना. आणि मी ती सांगितली. उभी राहून, खडू हातात धरून, काकांचं नाव घेऊन.

हे मला तुम्हाला सांगायचं होतं. पान बदललं त्यापेक्षा हे जास्त. पान एकदाच बदललं होतं.

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची शेवटची भेट सांगते आणि थांबते.

कराडला काम होतं. ते दुपारीच आटोपलं, आणि अण्णांनी नातवाच्या मुंजीची पत्रिका काकांना देऊन ये म्हणून सांगितलं होतं. मनाशी मी ठरवलं होतं — आज सांगायचं. एसटीत वाक्यं जुळवत गेले. काका ओसरीवर बसले होते, वाळले होते, पण मला बघून घाईने उठले. काकूंनी चहा टाकला. काका म्हणाले, मिरजेला डोळे दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, डोळे नामी आहेत, चष्म्याचा नंबरसुद्धा बदलायला नको. "मंग मी म्हटलं, डोळं चांगलं हायत म्हंजी डोस्क्यातच कायतरी बिघडलंय." हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "तवापास्नं कुनाचा कागद हातात धरत न्हाईत. मानसं येत्यात आनि माघारी जात्यात."

मी कप खाली ठेवला. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात शेजारची एक बाई आली, डोक्यावरचा पदर सावरत. मिलिटरीतून सुटलेला नवरा वारलेला, पेन्शनचा फॉर्म भरायचा होता, सोबत नवऱ्याचं मिलिटरीतलं जुनं बुक. ती काकांपुढे बसली आणि काकांनी हात मागे घेतले. "ताईंकडं द्या. त्या शिकल्याल्या हायत." मला बरं वाटलं — सांगायचं पुढे ढकललं गेलं म्हणून. हेही सांगते.

मी फॉर्म भरला. नवऱ्याचा मिलिटरीतला नंबर लांबलचक होता. तो लिहिला आणि सवयीने म्हणाले, "काका, रुजवात घेऊ या?" ते नको नको म्हणत होते, पण बुक हातात आलं तसं बोट आपोआप त्यावर गेलं. मी मोठ्याने नंबर वाचू लागले.

"थांबा," काका म्हणाले.

इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकला. त्यांचं बोट एका जागी टेकलं होतं. "हितं तीन-आठ हाय ताई. तुमी आठ-तीन म्हनला."

मी बुकात बघितलं, फॉर्मवर बघितलं. मी आकडे उलटे लिहिले होते. त्यांचं बरोबर होतं, त्याच जुन्या चष्म्यातून, ओसरीच्या अंधुक उजेडात.

"हो काका," मी म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. फार मायेने हसले. बोट उचलून घेतलं आणि बुक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं मन राखायला म्हनताय. मला कळतंय."

मी आकडा दुरुस्त केला, खाली फॉर्म भरून देणाऱ्याच्या जागी सही केली आणि कागद त्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी काकांना विचारलं, बरोबर हाय नव्हं? काका म्हणाले, ताईंनी लिवलंय म्हंजी बरोबरच असनार. साडेचारच्या एसटीने मी सांगलीला परत आले.